स्वतःची चित्रे फाडणारा चित्रकार : शार्ल काम्वँ आणि कलावंताच्या नकाराचा हक्क

१/
१९१४ च्या जून महिन्यातली गोष्ट. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर, रू लपिक या चढाच्या रस्त्यावरील आपल्या स्टुडिओत एका चित्रकाराने स्वतःचीच चित्रे कापायला घेतली. एक नव्हे, दोन नव्हेत. साठ ते ऐंशीच्या घरात. तुकडे कचऱ्यात गेले. चित्रकाराच्या लेखी विषय संपला होता. प्रत्यक्षात तो पुढे सतरा वर्षे चालला, आणि त्यातून कलावंतांच्या हक्कांविषयी एक असा न्यायनिवाडा निघाला, ज्याचा दाखला कायद्याचे अभ्यासक आजही देतात. त्या चित्रकाराचे नाव शार्ल काम्वँ. मातीसचा जिवलग मित्र, सेझानचा तरुण पत्रसोबती आणि फॉव्हिस्टांपैकी एक. आजचा धागा त्याच्यावर.

२/
काम्वँचा जन्म २३ सप्टेंबर १८७९ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय या बंदराच्या शहरात झाला. वडिलांचा रंगांचा आणि घरसजावटीचा व्यवसाय होता. पण काम्वँ लहान असतानाच ते वारले. मुलाने व्यापारी शिक्षण घ्यावे अशी व्यवस्था झाली. ते शिक्षण चालू असतानाच तो मार्सेयच्या कलाशाळेतील रेखाटनाच्या वर्गांना जाऊ लागला आणि तेथे त्याला पारितोषिकही मिळाले. हिशेबाच्या वह्यांपेक्षा कोळशाची कांडी हाताला अधिक मानवते, हे घरच्यांनाही दिसले असावे. १८९८ च्या आरंभी, वयाच्या अठराव्या वर्षी, तो पॅरिसला आला आणि ‘एकोल दे बोझार’ या सरकारी कलामहाविद्यालयात ग्युस्ताव मोरो यांच्या वर्गात दाखल झाला.

३/
मोरो हे विलक्षण शिक्षक होते. स्वतः पुराणकथांची, जडजवाहीर ल्यालेल्या स्त्रियांची, गूढ उजेडातली चित्रे काढत. पण विद्यार्थ्यांवर स्वतःची शैली लादत नसत. लुव्र संग्रहालयात जाऊन जुन्या गुरूंच्या प्रतिकृती करा आणि त्याच दिवशी रस्त्यावर उतरून माणसे रेखाटा, असा त्यांचा आग्रह असे. काम्वँला त्यांचा सहवास जेमतेम काही आठवडे लाभला, कारण १८ एप्रिल १८९८ रोजी मोरो निवर्तले. परंतु त्या वर्गाने त्याला आयुष्यभराची माणसे दिली. आंरी मातीस, आल्बेर मार्के, आंरी मांगँ हे त्याच वर्तुळातले. फॉव्हिझमचा इतिहास पुष्कळदा ‘जाहीरनाम्याविना उभी राहिलेली चळवळ’ असा सांगितला जातो. तिच्या मुळाशी ही वर्गातली मैत्री होती.

४/
१९०० मध्ये काम्वँला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावणे आले. नेमणूक झाली ती आर्ल या गावी. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला याहून मोठे भाग्य कोणते? अकराच वर्षांपूर्वी व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच गावात राहून वेड्यासारखा काम करत होता. त्याच्या मृत्यूला दहा वर्षे झाली होती, पण त्याला ओळखणारी माणसे गावात हयात होती. त्यांतले एक होते डॉ. फेलिक्स रे. कान कापून घेतलेल्या व्हॅन गॉगवर इस्पितळात उपचार करणारे तरुण डॉक्टर ते हेच. कृतज्ञता म्हणून व्हॅन गॉगने जानेवारी १८८९ मध्ये त्यांचे व्यक्तिचित्र रंगवून त्यांना भेट दिले होते.

५/
डॉक्टरांच्या घरी ते चित्र कोणालाच आवडले नाही. कोंबड्यांच्या खुराड्याचे भोक बुजवण्यासाठी ते वापरले जात होते, असे सांगतात. काम्वँला या चित्राचा सुगावा लागला आणि त्याच्या मार्फत ते पॅरिसमधील चित्रविक्रेता आंब्रवाझ व्होलारपर्यंत पोहोचले. पुढे रशियन संग्राहक सर्गेई श्चुकिन यांनी ते घेतले. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. लष्करी गणवेशातल्या विशीतल्या पोराने एक टाकून दिलेले चित्र जगाच्या स्वाधीन केले. हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे याच माणसाच्या टाकून दिलेल्या चित्रांना कोणीतरी असेच ‘वाचवणार’ आहे, आणि तेव्हा तो कोर्टाची पायरी चढणार आहे.

६/
आर्लनंतर त्याची पलटण एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे आली. हे पॉल सेझानचे गाव. १९०१ च्या अखेरीस काम्वँ त्याचे दार ठोठावून उभा राहिला. सेझान तेव्हा बासष्ट वर्षांचा, संशयी, माणसांना टाळणारा म्हणून गावात प्रसिद्ध. काम्वँ बावीस वर्षांचा. तरीही दोघांचे जुळले. काम्वँचा मुक्काम हलल्यावर सेझानने त्याला पत्रे लिहिली. ती आज आधुनिक कलेच्या इतिहासातील मोलाचे साधन मानली जातात. जुन्या गुरूंचा अभ्यास जरूर कर. पण संग्रहालयातून बाहेर पडून निसर्गासमोर स्वतःच्या संवेदना ताज्या करून घे, हा त्या उपदेशाचा मथितार्थ. १९०५ मध्ये ‘मर्क्युर द फ्रान्स’ या नियतकालिकाने चित्रकारांची मते मागवली, तेव्हा काम्वँने आपल्या उत्तरात सेझानचे विचार वाचकांपुढे ठेवले. सेझान तेव्हा हयात होता.

७/
सेझानकडून त्याने आणखी एक गोष्ट पाहिली असणार. हा म्हातारा आपल्या कामावर कधीच संतुष्ट नसे. मनासारखे न उतरलेले चित्र तो अर्धवट सोडून देई, प्रसंगी सुरीने फाडून टाकी. व्होलारने आपल्या आठवणींत याचे किस्से नोंदवले आहेत. आपल्या निर्मितीबाबत इतके कठोर असणे, हा त्या पिढीच्या दृष्टीने प्रामाणिकपणाचा भाग होता. काम्वँच्या १९१४ मधल्या कृतीकडे केवळ निराशेचा झटका म्हणून पाहण्याआधी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

८/
लष्करी सेवा संपली. १९०४ मध्ये बेर्त वेल या धाडसी महिलेने आपल्या छोट्याशा गॅलरीत मातीस, मार्के, मांगँ, जाँ प्युई आणि काम्वँ यांची चित्रे एकत्र मांडली. पुढच्या वर्षीचा उन्हाळा निर्णायक ठरला. मातीस आणि आंद्रे दरँ हे स्पेनच्या सीमेजवळील कोलियूर या मासेमारांच्या गावी गेले. काम्वँ, मार्के आणि मांगँ हे सँ-त्रोपे आणि आसपासच्या किनाऱ्यावर रंगवत होते. आज धनिकांच्या नौकांनी भरलेले सँ-त्रोपे तेव्हा एक निवांत गाव होते. दोन्ही टोळ्यांसमोर होते भूमध्य समुद्राचे तेच प्रखर ऊन. उन्हाने सावल्यासुद्धा रंगीत होतात, याचा अनुभव घेऊन सगळे शरदात पॅरिसला परतले.

९/
ऑक्टोबर १९०५. ग्राँ पाले या भव्य वास्तूत ‘सालाँ दोतोन’, म्हणजे शरद ऋतूतील वार्षिक प्रदर्शन, भरले. सातव्या दालनात मातीस, दरँ, व्लामँक, मार्के, मांगँ आणि काम्वँ यांची चित्रे होती. त्याच दालनात आल्बेर मार्क नावाच्या शिल्पकाराने घडवलेले, इटालियन प्रबोधनकाळाची आठवण करून देणारे एक शांत बालशिल्प होते. समीक्षक लुई व्होसेल यांनी ‘जिल ब्लास’ या वृत्तपत्रात लिहिताना त्या शिल्पाची तुलना जंगली श्वापदांत सापडलेल्या दोनातेल्लोशी केली. श्वापदांना फ्रेंचमध्ये शब्द आहे ‘फोव’. त्यावरून चळवळीचे नाव पडले फॉव्हिझम. मराठीत त्यासाठी ‘रंगभारवाद’ हा शब्दही योजला जातो.

१०/
या चित्रकारांनी नेमके केले काय? त्याआधीच्या दृक्‌प्रत्ययवाद्यांनी, म्हणजे मोने वगैरेंनी, प्रकाशात वस्तू कशी दिसते ते रंगवले. फॉव्हिस्टांनी रंगाला त्याही जबाबदारीतून मोकळे केले. झाडाचे खोड लाल, चेहऱ्यावर हिरवी रेघ, समुद्र गुलाबी. ट्यूबमधून निघालेला रंग फारसा न मिसळता कॅनव्हासवर ठेवायचा. दोन रंगांच्या शेजारातून जो ताण निर्माण होतो, त्यावर चित्र उभे करायचे. छायाप्रकाशाने गोलाई दाखवण्याची चारशे वर्षांची सवय त्यांनी बाजूला सारली. प्रेक्षक हसले, चिडले. मातीसच्या ‘टोपी घातलेली स्त्री’ या चित्राची सर्वाधिक टिंगल झाली. ते चित्र अमेरिकन स्टाइन कुटुंबाने पाचशे फ्रँकला विकत घेतले.

११/
या कळपात काम्वँ हा सर्वांत सौम्य. त्याने रंग उजळ केले, पण निसर्गाशी असलेले नाते तोडले नाही. सेझानचा विद्यार्थी तो. डोळ्यांसमोरच्या वस्तूशी इमान राखणे त्याला सोडवत नव्हते. त्याच काळात त्याने मित्र मार्केचे जे व्यक्तिचित्र केले, ते आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. भरतकाम करणाऱ्या मादाम मातीसचे १९०५ चे चित्र स्त्रासबुर्गच्या संग्रहालयात आहे, तर १९०७ चे ‘छोटी लीना’ मार्सेयच्या कांतिनी संग्रहालयात. आरडाओरडा नसलेली, जवळच्या माणसांची ही चित्रे. कलेचा इतिहास लिहिताना टोकाच्या उदाहरणांना जागा अधिक मिळते. काम्वँचे नाव मागे पडण्याचे हे एक सरळ कारण.

१२/
फॉव्हिझमचा बहर दोन-तीन वर्षांचा. १९०६ मध्ये सेझान वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन झाले आणि तरुणांनी त्याचा निराळाच अर्थ लावला. पिकासो आणि ब्राक घनवादाकडे वळले. १९०८ मध्ये ज्या कानवायलर नावाच्या विक्रेत्याने काम्वँचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तोच लवकरच घनवादाचा प्रमुख पाठीराखा झाला. सेझानशी प्रत्यक्ष बोललेला माणूस काम्वँ, आणि सेझानच्या नावाने उभी राहणारी नवी कला मात्र त्याला परकी! या वर्षांत चित्रकार एमिली शार्मी ही त्याची सहचरी होती. दोघांनी एकमेकांसोबत काम केले, प्रवास केला. पुढे ते वेगळे झाले.

१३/
बाहेरून पाहता सर्व ठीक होते. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या, आधुनिक युरोपीय कलेची अमेरिकेला ओळख करून देणाऱ्या ‘आर्मरी शो’त काम्वँची चित्रे होती. त्याआधीच्या हिवाळ्यात तो मोरोक्कोतील टँजियर येथे मातीस आणि मार्के यांच्यासोबत होता. मातीस तेथे एकामागून एक थोर चित्रे करत होता. आपल्या मित्राच्या हातून काहीतरी अपूर्व घडताना शेजारी बसून पाहणे, ही कोणत्याही कलावंताची कठीण परीक्षा असते. काम्वँच्या मनात तेव्हा काय चालले होते, याचा तर्क ज्याने त्याने करावा. वर्ष-दीड वर्षाने त्याने कात्री हाती घेतली, एवढे मात्र खरे.

१४/
तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. कापलेली चित्रे ही त्याच्या उमेदीच्या काळातली, म्हणजे जी आज संग्रहालयांना हवीहवीशी वाटतील अशी. ती त्याने पेटवली असती तर गोष्ट तेथेच मिटली असती. पण त्याने ती कापून केराच्या डब्यात टाकली. पॅरिसमध्ये कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवण्याची सक्ती १८८४ पासून होती. प्रीफेक्ट युजेन पुबेल यांनी ती आणली, म्हणून फ्रेंच लोक आजही केराच्या डब्याला ‘पुबेल’ म्हणतात. पालिकेची गाडी येण्यापूर्वी ते डबे उपसून चिंध्या, हाडे, भंगार वेचणारी माणसे हा शहराच्या अर्थव्यवस्थेचा एक जिवंत भाग होता. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती हे रंगीत तुकडे लागले.

१५/
वेचलेला माल शहराच्या वेशीवर सँ-उआँ येथे भरणाऱ्या जुन्या बाजारात जाई. तुकडे तेथे पोहोचले. कोणीतरी ते ओळखले. कॅनव्हासचे तुकडे शेजारी शेजारी लावून, मागून नवे कापड चिकटवून, फटींवर रंग भरून चित्रे पुन्हा जुळवली गेली. वर्षे सरली तसा फॉव्हिस्टांना भाव आला आणि ही जोडलेली चित्रे हातोहात फिरू लागली. ज्यांना चित्रकाराने नाकारले होते, त्यांच्यावर आता त्याच्याच नावाने किंमत लागत होती.

१६/
काम्वँला हे पाहायला सवड नव्हती. चित्रे फाडल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू झाले आणि त्याला लष्करात भरती व्हावे लागले. आघाडीवर जखमींचे स्ट्रेचर वाहण्याचे काम त्याने केले. पुढे तोफा, छावण्या शत्रूच्या नजरेपासून लपवण्यासाठी चित्रकारांचे जे विशेष पथक उभारले गेले, त्यात तो होता. रंगांनी डोळा दिपवण्याऐवजी डोळा फसवण्याचे काम! या साऱ्या काळात मातीसशी त्याचा पत्रव्यवहार चालू राहिला. खंदकांजवळून लिहिणारा एक आणि स्टुडिओतून उत्तर देणारा दुसरा. चित्रकला म्हणजे काय, याचा खल दोघे करत राहिले.

१७/
युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, त्याने दक्षिणेत वृद्ध ओग्युस्त रन्वार यांची भेट घेतली. संधिवाताने बोटे वाकडी झालेले रन्वार तेव्हाही रोज रंगवत होते. काम्वँच्या पुढील चित्रांत जो मऊ, उबदार प्रकाश दिसतो, त्याचे मूळ अभ्यासक या भेटीत शोधतात. १९२० च्या दशकापासून त्याचे आयुष्य पॅरिस आणि सँ-त्रोपे यांमध्ये वाटले गेले. बंदर, द्राक्षमळे, पाइनची झाडे, कुटुंबातील माणसे असे त्याचे विषय होते. वादळ शमल्यासारखे वाटत असतानाच जुने तुकडे समोर आले.

१८/
१९२५ मध्ये पॅरिसच्या ‘ओतेल द्रुओ’ या प्रसिद्ध लिलावगृहात लेखक फ्रान्सिस कार्को यांचा चित्रसंग्रह विक्रीस निघाला. कार्को हे मोंमार्त्रच्या गल्ल्या, तेथील भटके कलावंत आणि गुन्हेगार यांचे कादंबरीकार म्हणून गाजलेले. त्यांच्या संग्रहात काम्वँच्या नावाची चित्रे होती. चित्रकाराने ती पाहिली आणि ओळखली. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतः कापलेली तीच ही. त्याने जप्ती आणवली आणि दावा दाखल केला. मागणी साधी होती : ही चित्रे मी नष्ट केली आहेत, ती जगापुढे मांडू नयेत.

१९/
प्रतिपक्षाची बाजू लेचीपेची नव्हती. रोमन कायद्यापासून चालत आलेला नियम असा की, मालकाने टाकून दिलेली वस्तू जो प्रथम उचलतो, तो तिचा मालक. वेचणाऱ्याने तुकडे चोरले नव्हते. कार्को यांनी पैसे मोजून चित्रे घेतली होती. मग विकायला बंदी का? शिवाय, फेकून देणे म्हणजेच हक्क सोडणे नव्हे काय? काम्वँच्या बाजूने उलट प्रश्न उभा होता. एखाद्या लेखकाने खर्डा फाडून टोपलीत टाकला आणि कोणी ते कपटे जुळवून त्याच्या नावाने छापले, तर? कागद सापडला म्हणून मजकूर छापण्याचा हक्क सापडतो का? कार्को स्वतः लेखक होते, हे येथे विसरू नये.

२०/
फ्रान्समध्ये या वळणाचा एक जुना दाखला होता. अमेरिकन चित्रकार व्हिसलर याने सर विल्यम ईडन यांच्या पत्नीचे व्यक्तिचित्र केले; पैशांवरून बिनसले आणि त्याने चित्र द्यायचे नाकारून त्यातला चेहराच पुसला. प्रकरण सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले. १९०० मध्ये निर्णय लागला : चित्रकाराला चित्र हवाली करण्याची सक्ती करता येणार नाही, पण त्याने घेतलेले पैसे परत करावे आणि ते चित्र वापरू नये. मात्र व्हिसलरचे चित्र त्याच्या स्टुडिओतून बाहेरच पडले नव्हते. काम्वँचे तुकडे रस्त्यावर गेले होते, दहा हातांतून फिरले होते. प्रश्न एक पाऊल पुढचा होता.

२१/
१५ नोव्हेंबर १९२७ रोजी पॅरिसच्या सेन दिवाणी न्यायालयाने काम्वँच्या बाजूने निकाल दिला आणि ६ मार्च १९३१ रोजी अपील न्यायालयाने तो कायम केला. न्यायालयाने मालकीचे दोन भाग केले. तुकडे उचलणारा त्या तुकड्यांचा मालक होतो, हे मान्य केले. पण ही मालकी कापड आणि रंग या जड वस्तूपुरती. त्या वस्तूत जी कलाकृती आहे, तिच्यावरचा चित्रकाराचा नैतिक हक्क फेकण्याने संपत नाही. उलट चित्र फाडणे हीच, ते लोकांपुढे येऊ नये या इच्छेची सर्वांत स्पष्ट खूण. म्हणून चित्रकार त्याच्या जुळवणीला हरकत घेऊ शकतो आणि गरज पडल्यास ते नष्ट करण्याची मागणीही करू शकतो.

२२/
या दोन निकालांच्या दरम्यान, १९२८ मध्ये, रोम येथील परिषदेत बर्न कराराला नवे कलम जोडले गेले आणि लेखक-कलावंतांच्या नैतिक हक्कांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. फ्रान्सने ११ मार्च १९५७ च्या कायद्यात हे हक्क लिहून काढले. त्यांत कलाकृती केव्हा प्रकट करायची, हे ठरवण्याचा अधिकार निर्मात्याचा, असे म्हटले आहे. योगायोग असा की आपला कॉपीराइट कायदाही १९५७ चाच. त्याचे कलम ५७ निर्मात्याचे विशेष हक्क सांगते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून कोठारात टाकले गेले होते. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्याचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सहगल यांना आपली कृती टिकवायची होती, काम्वँला ती मिटवायची होती. तत्त्व एकच : वस्तू दुसऱ्याची झाली, तरी निर्मात्याचा शब्द संपत नाही.

२३/
येथे एक अडचणीचा प्रश्न उरतोच. कार्को यांचा संग्रह विकला गेला, त्याच १९२५ मध्ये माक्स ब्रोडने आपला मृत मित्र फ्रान्झ काफ्का याची ‘द ट्रायल’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. सारे जाळून टाक, असे काफ्काने लिहून ठेवले होते. ब्रोडने ऐकले नाही, आणि विसाव्या शतकाला एक महान लेखक मिळाला. मग निर्मात्याची इच्छा मोठी की जगाची गरज? रसिक म्हणून आपण सगळे ब्रोडचे ऋणी आहोत. पण काफ्का बोलायला हयात नव्हता. काम्वँ होता, आणि तो न्यायालयात उभा राहून ‘नाही’ म्हणत होता. जिवंत माणसाचा नकार त्याच्यासमोर ओलांडणे ही निराळी गोष्ट आहे.

२४/
आता डॉ. रे यांच्या खुराड्याकडे पुन्हा पाहू. वरवर दोन्ही कथा सारख्या : उकिरड्याच्या वाटेवर गेलेले चित्र, जाणत्याची नजर, पुन्हा मिळालेले जीवन. मग काम्वँने एकदा जे केले, त्यालाच पुढे विरोध करणे हा दुटप्पीपणा ठरतो का? ठरत नाही. व्हॅन गॉगने ते चित्र पूर्ण करून, कोणीतरी पाहावे म्हणून हाताने दिले होते. टाकले ते घेणाऱ्याने. काम्वँची चित्रे टाकली ती करणाऱ्याने. पहिल्या प्रसंगी चित्र वाचवणे म्हणजे चित्रकाराचे म्हणणे ऐकणे होते. दुसऱ्या प्रसंगी ते त्याच्या तोंडावर हात ठेवणे होते. आपल्याला सापडलेल्या वस्तूचे काय करायचे, हे ठरवण्यापूर्वी ती कोणी टाकली हे विचारावे लागते.

२५/
निकालानंतरही काम्वँ तीस-बत्तीस वर्षे रंगवत राहिला. मातीस १९५४ मध्ये गेला, मार्के आणि मांगँ त्याआधीच गेले होते. २० मे १९६५ रोजी पॅरिस येथे काम्वँचे निधन झाले. वय ८५. अलीकडे त्याच्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे : २०१६ मध्ये सेझानच्या एक्समधील ग्राने संग्रहालयात आणि २०२२ मध्ये मोंमार्त्रच्या संग्रहालयात त्याची मोठी प्रदर्शने झाली. जुळवलेली काही चित्रे आजही टिकून आहेत. त्यांच्यावरचे सांधे पाहताना ती सुंदर आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न मनात येत नाही. आपण ती पाहावीत का, हाही येतो. कलाशाळेत रंगसंगती शिकवताना मातीसचे नाव निघते आणि ते योग्यच आहे. कायद्याच्या वर्गात मात्र त्याच दालनातल्या त्या शांत मित्राचे नाव निघते. धागा येथे पूर्ण. चित्रांविषयी किंवा खटल्याविषयी काही विचारायचे असल्यास खाली जरूर लिहावे.